दुसऱ्यांचे सात दिवस

‘साहस’ हा शब्द आज आपण कौतुकाने उच्चारतो. कड्यावर चढणारा, अनोळखी पाण्यात उडी घेणारा, भाषा ठाऊक नसलेल्या मुलखात एकट्याने हिंडणारा, तो साहसी. परंतु जुन्या धर्मशास्त्रात ह्या शब्दाची प्रतिष्ठा निराळी होती. न्यायसभेपुढे येणाऱ्या तंट्यांची जी अठरा व्यवहारपदे मनूने गणली आहेत, त्यांत चोरीच्या शेजारी ‘साहस’ हेही एक पद आहे. ‘सहस्’ म्हणजे बळ. बळाच्या जोरावर, दुसऱ्याच्या इच्छेला न जुमानता केलेले कृत्य ते साहस. एकाच शब्दाने एके काळी अपराध दाखविला आणि पुढे गुण दाखविला. हा पालट नुसता भाषेचा खेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. धोका स्वतःच्या अंगावर घेतला तर तो गुण आणि दुसऱ्याच्या अंगावर लादला तर अपराध, असा एक निवाडा ह्या दोन अर्थांच्या मध्ये दडलेला आहे, असे मला वाटते.

हा निवाडा पारखून पाहण्यास रणांगण किंवा हिमशिखर शोधावयास नको. घरातील पाच-सहा माणसांनी मिळून एखाद्या उष्ण कटिबंधातील देशात आठवडाभर हिंडून यावे, एवढा साधा बेत पुरे आहे. पूर्वी आपल्याकडे कुटुंब घराबाहेर पडे ते कुलदेवतेच्या जत्रेसाठी किंवा तीर्थयात्रेसाठी. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, तिथी पंचांगाने दिलेली. कोणा एकाच्या लहरीला तेथे फारसा वाव नसे. आजचा प्रवास तसा नाही. कोठे जावयाचे, किती वाजता उठावयाचे, काय पाहावयाचे आणि काय सोडावयाचे, हे सारे घरातील कोणीतरी एक जण बसून ठरवितो. तो कागदावर सात रकाने आखतो तेव्हा वस्तुतः दुसऱ्यांच्या आयुष्यातील सात दिवसांची वाटणी करीत असतो. हा अधिकार त्याला कोणी दिला? दिला असेल तर तो त्याने कसा वापरावा? प्रश्न घरगुती खरा, परंतु तो नीतीचाच प्रश्न आहे.

उदाहरणादाखल श्रीलंका घेऊ. आपल्याला जवळचा, कथेमुळे लहानपणापासून कानांवर पडलेला आणि तरीही फार थोडा ठाऊक असलेला हा देश. क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पंचमांशाएवढे. नकाशा पाहिला की सात दिवसांत सारे बेट सहज पाहून होईल असे वाटते. असे एक घर कल्पू या की ज्यात सत्तरी ओलांडलेली आजी आहे, तिचा मुलगा आणि सून आहेत, बारा वर्षांचा नातू आणि सात वर्षांची नात आहे. शाळांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून प्रवासही मे महिन्यात. मुलगा उत्साहाने बेत आखतो: पहिल्या दिवशी कोलंबो, दुसऱ्या दिवशी सिगिरिया, तिसऱ्या दिवशी कँडी, चौथ्या दिवशी नुवारा एलिया, पाचव्या दिवशी एल्ला, सहाव्या दिवशी ‘याला’ राष्ट्रीय उद्यान, सातव्या दिवशी गॉलचा किल्ला आणि रात्री विमान. सात दिवस, सात स्थळे. कागदावर हा बेत फार देखणा दिसतो.

तथापि कागदावर ऊन लागत नाही आणि वळणेही नसतात. श्रीलंकेच्या अरुंद, वर्दळीच्या रस्त्यांवर शंभर किलोमीटरांना अडीच-तीन तास सहज लागतात. डोंगरात त्याहूनही अधिक. पावसाचेही तसेच. ह्या बेटावर दोन मोसमी पाऊस दोन बाजूंनी येतात. मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचे वारे दक्षिण-पश्चिम किनारा आणि मधले डोंगर भिजवितात, तेव्हा पूर्व किनारा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचे वारे पूर्वेकडे पाऊस आणतात, तेव्हा दक्षिण आणि पश्चिम बाजूस आकाश निवळलेले असते. म्हणजे मे महिन्यात निघालेल्या कुटुंबाने शेवटचे दोन दिवस दक्षिण किनाऱ्यावर ठेवणे, हे समुद्र खवळू लागण्याच्या सुमारास त्याच्या भेटीस जाण्यासारखे आहे. उष्ण कटिबंधात निसर्ग हा यजमान आहे. त्याचा दिनक्रम विचारून मग आपला ठरवावा, ही पहिली सभ्यता.

परंतु ह्या बेताचा खरा दोष भूगोलाचा नाही. तो आखताना कोणाला विचारले होते, हा खरा प्रश्न आहे. मुलगा म्हणेल, “विचारले की! आईला म्हटले, चालेल ना? ती म्हणाली, तुम्ही ठरवाल तसं.” आपल्या घरांतून हे वाक्य किती वेळा उच्चारले जाते! आणि किती वेळा आपण त्याला संमती समजतो! वस्तुतः ही संमती नव्हे. हा संकोच आहे. खर्च मुलाचा, हौस मुलाची, आपल्यामुळे कोणाचा विरस होऊ नये, ही त्या माऊलीची चिंता. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक नाही त्याच्या होकाराला नीतीच्या तराजूत वजन नसते. बळ काही हातापायांचेच असते असे नाही. पैशाचे बळ असते, प्रेमाचे असते, “सगळ्यांसाठीच तर करतोय” ह्या वाक्याचेही असते. अशा बळाने दुसऱ्याला ओढून नेणे हे त्या जुन्या, न्यायसभेतल्या अर्थाचे साहस होय. मग त्यात कितीही माया असो.

तेव्हा विचारावयाचे ते कसे? “चालेल ना?” हा प्रश्नच नव्हे. “आई, पहाटे पाचला उठून चार तास गाडीत बसायचं तुला जमेल, की वाटेत एक मुक्काम करू?” हा प्रश्न. “तुला तिथे जाऊन काय पाहावंसं वाटतं?” हा त्याहूनही चांगला. असे विचारले तर कदाचित आजी हळूच म्हणेल की नुवारा एलियाजवळ सीता एलिया येथे सीतामाईचे देऊळ आहे म्हणतात, किंवा त्रिंकोमालीला समुद्रकाठच्या खडकावर कोणेश्वर आहे, ते पाहावे. नातवाला सिगिरियाचा खडक चढावयाचा आहे, नातीला समुद्रात खेळावयाचे आहे, सुनेला एक दिवस तरी घड्याळ न बघता उठावयाचे आहे. सुनेची ही इच्छा तर यादीत कधीच येत नाही, कारण ती कोणत्याच स्थळाची नाही.

आता नवा बेत मांडून पाहू. पहिल्या दिवशी विमानतळावर उतरून जवळच नेगोंबोला विसावा. दुसऱ्या दिवशी चार तासांचा प्रवास करून सिगिरियाच्या परिसरात मुक्काम आणि दुसरे काहीही नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच सिगिरिया. चौथ्या दिवशी त्रिंकोमाली आणि कोणेश्वर. पाचवा दिवस रिकामा, समुद्रापाशी. सहाव्या दिवशी मातलेच्या मुत्तुमारी अम्मनच्या देवळाशी थांबत कँडी. सातव्या दिवशी परत. सातांऐवजी तीनच मोठी स्थळे. नुवारा एलिया गेले, एल्ला गेले, ‘याला’ गेले, गॉल गेले. आजीची एक इच्छा पुरी झाली, दुसरी राहिली. कारण त्रिंकोमाली आणि सीता एलिया ही दोन्ही सात दिवसांत बसविली तर दोन दिवस सबंध गाडीत जातात. आजीने कोणते निवडावे, हे लेख लिहिणाऱ्याने सांगावयाचे नाही आणि मुलानेही नाही. कशाला किती तास लागतात हे तिच्यापुढे खरे खरे मांडावे आणि तिला निवडू द्यावे. तिने सीता एलिया निवडले तर समुद्र सुटतो. मग नातीला विचारणे आले. बेत आखणे म्हणजे काय गाळावयाचे ते ठरविणे. आणि जे गाळले ते कोणाचे होते, हा त्यातला नैतिक प्रश्न. दर प्रवासात एकाच माणसाची इच्छा गळत असेल तर त्या घरात काहीतरी बिघडलेले आहे, असे खुशाल समजावे.

सिगिरियाच्या पायथ्याशी हा प्रश्न अगदी डोळ्यांपुढे उभा राहतो. सपाट रानातून सुमारे १८० मीटर उंच उठलेला हा प्रचंड खडक. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात आपला पिता धातुसेन ह्याचा वध करून गादीवर आलेल्या कश्यप राजाने, भाऊ मोग्गल्लान सूड उगवील ह्या भयाने, त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जाण्यास सुमारे बाराशे पायऱ्या आहेत. बारा वर्षांच्या मुलाला हा खेळ. सत्तरीच्या आजीला हे काळजावर ओझे. मग सर्वांनीच खाली राहावे काय? की आजीला बाकावर बसवून सर्वांनी वर जावे?

येथे एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कोणी म्हणेल, सर्वांत दुबळ्याच्या चालीने सर्वांनी चालावयाचे ठरविले तर मुले घाबरट निपजतील. थोडी भीती, थोडे खरचटणे, धाप लागणे, ह्यावाचून माणूस मोठा होत नाही. हे खरे आहे. नातवाला वर जाऊ दिलेच पाहिजे. नुसत्या काळजीपोटी त्याला खाली बसवून ठेवणे हीदेखील एक प्रकारची जबरदस्तीच. परंतु ह्याचे उत्तर ‘सर्वांनी चढा’ असेही नाही. साहस खडकात नसते. ते चढणाऱ्याच्या शक्तीच्या प्रमाणात असते. ज्या आजीने उभ्या जन्मात विमान पाहिले ते आकाशात उडताना, तिने सत्तराव्या वर्षी पोटात गोळा आलेला असतानाही पट्टा आवळून खिडकीशी बसणे, हे नातवाच्या बाराशे पायऱ्यांहून तिळभरही कमी नाही. दोघांची मापे निराळी आहेत, इतकेच.

म्हणून खाली राहणाऱ्या माणसासाठी पायथ्याशी काय आहे, ह्याचा विचार बेतात आधीच हवा. सिगिरियाच्या पायथ्याशी पंधराशे वर्षांपूर्वीच्या जलोद्यानांचे आखीव हौद आहेत, सपाट वाटा आहेत, मोठी झाडे आहेत, जवळ संग्रहालय आहे. सकाळच्या गारव्यात आजीने सुनेबरोबर ती उद्याने पाहावी, बाप-लेकाने वर जाऊन यावे. पुढच्या मुक्कामी पाळी बदलावी. ह्या वेळी सून खाली राहिली, तर पुढच्या वेळी मुलाने राहावे. खाली थांबणे हे कायमचे सुनेकडे आले की तीही न्यायाची गोष्ट राहत नाही. आणि आजीचाही एक धर्म आहे. “माझ्यामुळे तुम्ही अडलात” हे दिवसभर म्हणत राहण्यापेक्षा तिने नातवाला वर पाठवावे आणि आपण पाहिलेले हौद त्याला नंतर सांगावे. मागे राहणे हेही मोकळ्या मनाने करता येते.

त्रिंकोमालीचा कोणेश्वर आपल्या देवस्थानांच्या कुळाव्यांना ओळखीचा वाटेल. समुद्रात घुसलेल्या कड्यावरचे हे प्राचीन शिवस्थान पोर्तुगीजांनी सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पाडले आणि तेथले दगड किल्ल्याच्या कामी लावले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास ज्या राजवटीच्या भयाने गेली, तीच ही राजवट. १९५६ साली आर्थर क्लार्क आणि माइक विल्सन ह्यांना कड्याखालच्या पाण्यात जुन्या मंदिराचे अवशेष आढळले. १९६३ साली नव्याने बांधलेल्या मंदिरात कुंभाभिषेक झाला. आज त्या किल्ल्याच्या आवारात हरणे निवांत हिंडतात आणि त्यांच्यामधून वाट काढीत भाविक देवळाकडे चढतात. बळाचे साहस कोणते आणि सोसणाऱ्याचे धैर्य कोणते, हे मुलांना शिकवावयाचे तर ह्या कड्याइतकी चांगली शाळा नाही.

कँडीला गोव्याचे दोन धागे एकत्र येतात, आणि ते ‘साहस’ ह्या शब्दाच्या दोन अर्थांसारखेच परस्परविरुद्ध आहेत. १५६० च्या जाफना-मोहिमेत पोर्तुगीजांच्या हाती एक दात लागला. तो बुद्धाचा दंतधातू मानला जात होता. पेगूच्या राजाने त्यासाठी मोठे द्रव्य देऊ केले असता ते नाकारून व्हाइसरॉय कॉन्स्टन्टिनो द ब्रागांझा ह्याच्या कारकिर्दीत तो गोव्यात कुटून, जाळून नष्ट करण्यात आला. खरा दंतधातू सुरक्षित राहिला, अशी श्रीलंकेतील बौद्धांची श्रद्धा आहे आणि कँडीच्या दळदा मालिगावेत त्याची आजही नित्य पूजा होते. हा झाला एक धागा. दुसरा धागा बाणावलीस १६५१ साली जन्मलेल्या जोझेफ वाझ ह्या कोंकणी धर्मगुरूचा. डच राजवटीने कॅथलिकांवर बंदी घातली असता तो १६८७ साली मजुराच्या वेषात जाफन्यास उतरला. पुढे कँडीत हेर समजून त्याला कैद झाली. १६९७ च्या देवीच्या साथीत लोक पळाले तेव्हा त्याने टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा केली. १७११ साली तो कँडीतच वारला. धर्म कोणाचा कोणता, हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून पाहावे. एकाने आपले बळ दुसऱ्याच्या श्रद्धेवर चालविले. दुसऱ्याने आपला देह धोक्यात घातला आणि दुसऱ्यासाठी घातला. दोन्ही गोष्टी आमच्याच गोव्याशी निगडित आहेत. मालिगावेच्या सायंपूजेच्या वेळी रांगेत उभे असताना मुलांना ह्या दोन्ही कथा सांगाव्या.

यजमान देशाची संमती हाही ह्याच प्रश्नाचा एक भाग आहे. आपण लंकेला जातो ती डोक्यात रामकथा घेऊन. ते स्वाभाविकही आहे. परंतु तेथील माणसे आपल्या कथेतील पात्रे म्हणून जगत नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात रावण हा विद्वान आणि पराक्रमी राजा आहे. २०१९ साली सोडलेल्या आपल्या पहिल्या उपग्रहाला त्या देशाने ‘रावण-१’ असे नाव दिले. १९८३ ते २००९ चालू असलेले यादवी युद्ध, २६ डिसेंबर २००४ ची समुद्रलाट, २०२२ चे आर्थिक अरिष्ट आणि २०२५ च्या नोव्हेंबरअखेर शेकडो बळी घेणारे ‘दित्वा’ चक्रीवादळ, एवढे सारे सोसलेल्या मुलखात आपण आठवडाभर आनंदासाठी जातो. जाऊ नये असे नव्हे. आपल्या जाण्याने तेथल्या अनेकांची चूल पेटते. मात्र डोंगरातील दरडींनी एखादा रस्ता किंवा रेल्वेमार्ग बंद आहे असे कळले तर कुरकुरण्याआधी तेथे कोणाचे घर गेले असेल ह्याची आठवण ठेवावी.

आणि त्या गाडीत कुटुंबाखेरीज आणखी एक माणूस असतो, त्याचे नाव कोणत्याच रकान्यात नसते. तो गाडीचा चालक. तिकडे बहुतेक कुटुंबे चालकासह गाडी ठरवितात आणि तो सातही दिवस आपल्याबरोबर असतो. आपण पहाटे पाचला निघावयाचे ठरविले म्हणजे तो चारला उठतो. रात्री आपण कोठे निजणार हे आपण महिनाभर आधी चित्रे पाहून ठरवितो. तो कोठे निजणार हे विचारले आहे काय? निर्जीव न्यायाच्या बाजूस ठेवली तरी ही विवेकाचीही गोष्ट आहे: आपल्या लेकरांचा जीव ज्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, त्याची झोप हा बेताचा भाग असलाच पाहिजे. पाचवा रिकामा दिवस जसा आजीचा आणि सुनेचा, तसा त्याचाही.

तो रिकामा दिवस पाहून मुलगा हळहळेल. एवढे पैसे खर्चून एक सबंध दिवस वाया? पण वाया काय गेले? ठरलेल्या सहा दिवसांत प्रत्येक जण कोणाच्या ना कोणाच्या आखणीप्रमाणे चालत असतो. ह्या एका दिवशी कोणाचीच आखणी नसते. नात वाळूत बसेल, आजी शहाळ्याचे पाणी पिईल, नातू कोळ्यांच्या होड्या मोजील, सून नऊला उठेल. आपल्या देवळांच्या जत्रांत पालखी निघण्याआधी असा मोकळा वेळ असे, आणि लहानपणीच्या जत्रांतले आपल्याला आठवते ते बहुधा त्याच वेळेतले.

असो. बेत आखणाऱ्यासाठी ह्या साऱ्यातून दोन नियम निघतात. पहिला, बेतातील कष्टांचा मोठा वाटा त्याने स्वतःकडे घ्यावा: गाडीतली मागची जागा त्याची, पहाटेची वाईट वेळ त्याची, शेवटी गळालेली इच्छाही शक्य तर त्याची. दुसरा, धोक्याची किंवा कष्टाची कोणतीही गोष्ट ज्याच्या अंगावर पडणार त्याला ती आधी नेमक्या शब्दांत सांगावी, आणि नाही म्हणण्याची वाट उघडी ठेवावी. एवढे पाळले तर धबधब्याखाली भिजणे, रानात हत्ती पाहणे, कडा चढणे, हे सारे साहस आजच्या चांगल्या अर्थाचे होईल.

हे नियम काटेकोरपणे पाळावयाचे आणखी एक कारण आहे. जुन्या काळी साहसाविरुद्ध दाद मागावयास न्यायसभा होती. घरात ती नसते. थकलेली आजी परतल्यावर फिर्याद करीत नाही. शेजारणीने विचारले तर “छान झाली हो सहल, मुलाने किती हौसेने नेलं” असेच म्हणते. सून काही बोलत नाही. मुले विसरतात. जेथे फिर्यादी कधीच पुढे येत नाही तेथे न्यायाधीशाचे काम बेत आखणाऱ्यालाच करावे लागते, आणि तेही निकालाची वेळ निघून जाण्याआधी, कागद हातात असतानाच.